कुझँचं अर्धंच वाक्य

‘कलेसाठी कला’ हा मंत्र पॅरिसच्या सॉर्बन विद्यापीठातले तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक व्हिक्टर कुझँ (१७९२–१८६७) यांनी १८१८ साली जगाला दिला आणि कलेची नीतीपासून फारकत केली, असा मजकूर सध्या फिरतोय. कलेसाठी कला (फडके) की जीवनासाठी कला (खांडेकर), हा वाद ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला तो लगेच पटतो. मला मात्र तो कुझँवर अन्याय वाटतो.

आधी ‘दिला’ या शब्दाचं पाहू. फ्रेंच लेखक बेंजामिन काँस्ताँच्या रोजनिशीत हे शब्द १८०४ च्या फेब्रुवारीतच आहेत. जर्मनीतल्या वायमारमध्ये क्रॅब रॉबिन्सन या इंग्रज तरुणाशी जर्मन तत्त्वज्ञ कांटच्या सौंदर्यविचारावर बोलणं झालं, त्यानंतरची ती नोंद.

१८१८ हे वर्षही जपून घ्यावं. तेव्हा २५ वर्षांचे कुझँ वर्गात बोलत होते. ती व्याख्यानं विद्यार्थ्यांच्या टिपणांवरून छापली गेली १८३६ मध्ये. जे निरुपयोगी तेच खरं सुंदर, असं ठणकावणारी फ्रेंच लेखक गोतिये यांची ‘मादम्वाझेल द मोपँ’ या कादंबरीची प्रस्तावना त्याआधीच, १८३५ मध्ये, बाजारात आली होती. फारकतीचं श्रेय द्यायचंच तर त्यांना द्या.

आता खरा मुद्दा. कुझँचं वाक्य पुरतं वाचा: धर्मासाठी धर्म हवा, नीतीसाठी नीती हवी, तशीच कलेसाठी कला. यात नीतीला कुठे हाकललंय? बक्षिसाच्या आशेने केलेलं सत्कर्म जसं खरं सत्कर्म नव्हे, तशी दुसऱ्याची चाकरी करणारी कला खरी कला नव्हे, एवढंच ते म्हणतात. सौंदर्य फक्त स्वतःकडेच नेतं, असंही ते त्याच व्याख्यानांत म्हणाले; ते मी लपवणार नाही. पण तीच व्याख्यानं स्वतः सुधारून १८५३ मध्ये ‘सत्य, सुंदर आणि शिव’ या विषयावरचं पुस्तक काढलं, त्यात कलेचं प्रयोजन त्यांनी स्वच्छ सांगितलंय: दृश्य सौंदर्याच्या आधारे नैतिक सौंदर्य प्रकट करणं. हे खांडेकरांच्या बाजूला जास्त जवळचं नाही का?

‘या घोषणेपलीकडे त्यांचं काम काय?’ असंही त्या मजकुरात विचारलंय. प्लेटोचा १३ खंडांचा फ्रेंच अनुवाद, फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तच्या लेखनाचे संपादित ११ खंड, मध्ययुगीन तत्त्वज्ञ अबेलारच्या अप्रकाशित लेखनाचं संपादन. फ्रेंच विचारवंत पास्कालच्या ‘विचार’ या छापील पुस्तकात संपादकांनी किती फेरफार केले होते, हे १८४२ मध्ये मूळ हस्तलिखित पाहून त्यांनीच दाखवलं. १८४० मध्ये ते शिक्षणमंत्रीही होते. तत्त्वज्ञानाच्या अध्यापनावरची त्यांची पकड जाचक होती, ही टीका रास्त आहे. आणि १८२९ मध्ये इंग्रज संस्कृत-अभ्यासक कोलब्रुकच्या निबंधांच्या आधारे ते पॅरिसच्या विद्यार्थ्यांना सांख्य, न्याय आणि वेदान्त शिकवत होते.