मामा, तुझा विमा कोण भरते?

माझा भाचा नागपुरात, महाल भागातल्या चितार ओळीजवळ, म्हणजे मूर्ती रंगवणाऱ्यांच्या गल्लीजवळ, फ्लेक्स आणि डिझाइनचं दुकान चालवतो. पोळ्याच्या आधी त्यानं तान्हा पोळ्याचं, म्हणजे लेकरांच्या पोळ्याचं, एक पोस्टर पाठवलं, एआयनं काढलेलं. लाकडी बैलाला चाकं होती, पण तीनच. लेकरांच्या डोक्यावर राजस्थानी फेटे. ‘पोळा’मधल्या ळ-ची तर पार जिलेबी झालेली. ‘अक्षरं मी मागून बसवतो, मामा. चित्राला दहा मिनिटं लागली.’

मी लगेच चोरीवर घसरलो: एआय आम्हा चित्रकारांची चित्रं न विचारता घेऊन शिकतं. चौदा वर्षं हॅम्बुर्गमध्ये मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढतोय, आणि हा वाद इथे घरचाच आहे. ‘लायॉन’ ही संस्था याच शहरातली. ५८५ कोटी चित्रांच्या लिंका आणि त्या चित्रांखालच्या वर्णनाच्या ओळी तिनं २०२२ मध्ये खुल्या केल्या. ‘स्टेबल डिफ्युजन’ हे चित्रं काढणारं एआय शिकलं ते तिच्या साठ्यावर. आपला फोटो त्यात वापरला म्हणून एक छायाचित्रकार कोर्टात गेला. २०२४ च्या सप्टेंबरात इथल्या कोर्टानं कॉपीराइट कायद्यातली संशोधनाची सवलत दाखवून त्याचा दावा फेटाळला. आम्ही चित्रकार आठवडाभर धुमसत होतो.

भाच्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘मामा, तुझा विमा कोण भरते?’

बोलतीच बंद. जर्मनीत १९८३ पासून कलावंतांसाठी सामाजिक विमा आहे. निम्मा हप्ता माझा, उरलेला चित्रं वापरणाऱ्या कंपन्यांचा आणि सरकारचा. माझ्या तत्त्वनिष्ठेला त्या निम्म्या हप्त्याचा टेकू आहे. चितार ओळीतल्या रंगाऱ्याचा गणपती-दुर्गेचा हंगाम बुडाला, तर त्याच्यामागे कोण? एआयनं ‘कला मेली’ आणि एआय न वापरल्यास ‘मागे पडाल’ ही आपल्याकडच्या वादाची दोन्ही टोकं त्याच्याबद्दल बोलतच नाहीत.

खरं सांगायचं तर मीही एआय वापरतो. उजेड डावीकडून आला तर पान कसं दिसेल, हे तीन मिनिटांत कळतं. बिल मात्र तेवढंच लावतो.

पण एआयला पिवळी मारबत, म्हणजे नागपूरच्या पोळ्याच्या सणातला पुतळा, मागितली, तर एकदा दुर्गा आली, एकदा बुजगावणं. ज्याचे फोटो ढिगानं पाहिले, त्याच्याच आधारानं हे यंत्र ठिपक्यांच्या गोंधळातून आकार काढतं. मारबत मुद्दाम भेसूर करतात. ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणत मिरवतात आणि शेवटी जाळतात. एवढा राग कोणत्या फोटोखाली लिहिलेला असणार?

म्हणून भाच्यानं ओळीतल्या एका म्हाताऱ्या चिताराकडून मारबतीचा चेहरा हातानं काढून घेतला, आठशे रुपये देऊन. मग तो स्कॅन करून पोस्टर केलं. गिऱ्हाईक बघून म्हणालं, ‘एआयचंच आहे ना बाप्पा? मंग तीनशे घ्या.’

आता चितार चित्र काढत असताना भाचा मोबाइल समोर लावून ठेवतो. भाव करायच्या आधी गिऱ्हाइकाला तो व्हिडिओ दाखवतो.