शून्य टक्के शुल्क, आणि तरीही अडलेला माल

भारत-ब्रिटन व्यापार करारावर २४ जुलै २०२५ ला सह्या झाल्या, तेव्हापासून आमच्या धंद्यातल्या मंडळींत एकच आकडा फिरतोय. ब्रिटन ९९ टक्के प्रकारच्या भारतीय मालावरचं आयातशुल्क काढणार. आनंदाचीच गोष्ट आहे. पण मी न्हावाशेवाला निर्यातीच्या कागदपत्रांचं काम करतो, आणि मला या आकड्यापेक्षा ब्रिटनची स्वतःची गेल्या काही वर्षांची कहाणी जास्त महत्त्वाची वाटते. युरोपीय संघातून बाहेर पडताना ब्रिटननेही शून्य टक्क्याचाच करार केला होता. शुल्क शून्य, कोटा नाही. तरीही त्यानंतर तिथल्या हजारो छोट्या कंपन्यांनी युरोपला माल पाठवणंच सोडून दिलं. हे कसं झालं ते आपल्या निर्यातदारांनी समजून घ्यायलाच हवं असं मला मनापासून वाटतं, म्हणून एवढं लांबलचक लिहितोय.

तारखा थोडक्यात. २३ जून २०१६ ला सार्वमत झालं. बाहेर पडा म्हणणारे ५१.९ टक्के, राहा म्हणणारे ४८.१ टक्के. पुढची साडेतीन वर्षं नेमकं कसं बाहेर पडायचं यावर भांडण्यात गेली. तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांचा करार संसदेने तीनदा फेटाळला, पहिल्यांदा तर २३० मतांच्या फरकाने. ३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन संघाबाहेर पडलं, पण वर्षाअखेरपर्यंत व्यापाराचे नियम जुनेच राहिले. नवा करार ठरला २४ डिसेंबर २०२० ला आणि अमलात आला १ जानेवारीला. बाराशेहून जास्त पानांचा दस्तऐवज, आणि तो वाचून आपला धंदा नव्याने बसवायला व्यापाऱ्यांच्या हातात नाताळची सुट्टी धरून एक आठवडा. ज्यांनी आयुष्यात एकदाही सीमाशुल्काचा अर्ज भरला नव्हता त्यांच्यावर ही वेळ आली, याचा मला आजही राग येतो.

आत असताना काय होतं ते आधी बघू. युरोपात दोन व्यवस्था एकमेकींत गुंफलेल्या आहेत. एक सीमाशुल्क संघ, म्हणजे आत कोणतंही शुल्क नाही आणि बाहेरून येणाऱ्या मालावर सगळ्यांचं शुल्क एकच. दुसरी एकल बाजारपेठ, म्हणजे मालाचे दर्जे, लेबलं, औषधं, अन्नसुरक्षा यांचे नियम सारखे, त्यामुळे सीमेवर काही तपासायची गरजच उरत नाही. ही बाजारपेठ १ जानेवारी १९९३ पासून सुरू झाली आणि ती व्हावी म्हणून ज्यांनी जोर लावला त्यांत ब्रिटनच्याच पंतप्रधान राहिलेल्या मार्गारेट थॅचर पुढे होत्या. बर्मिंगहॅमचा ट्रक मिलानला जाताना मध्ये कुठेही कागद दाखवायला थांबत नसे.

आपल्याकडे मुलुंड आणि दहिसरच्या जकात नाक्यांवर ट्रकच्या रांगा ज्यांनी पाहिल्यात त्यांना हे वेगळं सांगायला नको. तिथे भरलेल्या पैशांइतकाच वाया गेलेला वेळ महाग पडायचा. गंमत नाही, पण योगायोग विलक्षण आहे: २९ मार्च २०१७ ला ब्रिटनने बाहेर पडण्याची अधिकृत नोटीस दिली, आणि त्याच वर्षी १ जुलैला जीएसटी येऊन आपले नाके उठले. आपण देशांतर्गत बाजारपेठ एक करत होतो तेव्हा ब्रिटन आपल्या दाराशी नाका उभारत होतं.

करारात शून्य शुल्क लिहिलंय, मग अडतं कुठे? पहिली अडचण मूळ देशाची. शून्य शुल्क मिळतं ते ब्रिटनमध्ये किंवा युरोपीय संघात 'तयार झालेल्या' मालाला. नुसता ब्रिटनमधून निघालेला माल त्यात बसत नाही. मार्क्स अँड स्पेन्सर या दुकानसाखळीची पर्सी पिग नावाची लहान मुलांची गोळी जर्मनीत बनते. ती ब्रिटनमधल्या गोदामात आली आणि तिथून आयर्लंडमधल्या दुकानाकडे निघाली की तिच्यावर शुल्क लागू होतं, कारण ब्रिटनमध्ये तिच्यावर कसलीच प्रक्रिया झालेली नसते. युरोपात बनलेली वस्तू युरोपातच परत जाताना शुल्क! जानेवारी २०२१ मध्ये कंपनीच्या प्रमुखांनी हे जाहीरपणे सांगितलं तेव्हा अनेकांना करारातली ही अट पहिल्यांदा कळली. आपल्या कपड्यांचंही हेच होतं. भारतातून लेस्टरच्या गोदामात गेलेला शर्ट तिथून जर्मनीच्या गिऱ्हाइकाला पाठवला, तर ब्रिटनमध्ये भरलेलं शुल्क वेगळं आणि युरोपीय संघाचं वेगळं. ब्रिटनला युरोपचं दार मानून तिथे माल साठवणाऱ्या भारतीय निर्यातदारांचं सगळं गणित यामुळे बदललं.

दुसरी अडचण खाण्यापिण्याच्या मालाची, आणि सगळ्यात जास्त रडवलं ते हिनेच. मांस, मासे, दूध, चीज, रोपं, यांपैकी काहीही युरोपीय संघात बाहेरच्या देशातून आणायचं तर आरोग्य प्रमाणपत्र लागतं. प्राण्यांपासून झालेल्या मालाच्या प्रमाणपत्रावर सरकारमान्य पशुवैद्याची किंवा अधिकाऱ्याची सही हवी. ब्रिटन १ जानेवारी २०२१ पासून 'बाहेरचा देश' झालं. पहिल्याच महिन्यात नेदरलँड्सच्या बंदरावर ट्रकचालकांच्या डब्यातली हॅम सँडविचेस जप्त झाल्याचं सगळ्या जगाने टीव्हीवर पाहिलं. लोकांनी त्यावर विनोद केले. मला त्यात विनोदाचं काही वाटलं नाही. नियम तोच होता, फक्त तो आता ब्रिटिश माणसाला लागू झाला होता.

स्कॉटलंडच्या मच्छीमारांचं काय झालं ते बघा. त्यांची कोळंबी, खेकडे, लॉबस्टर रात्री निघून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फ्रान्स-स्पेनच्या बाजारात जायची. ताजेपणा हीच त्या मालाची किंमत. एका ट्रकमध्ये दहा-वीस जणांचा माल एकत्र भरायची पद्धत होती, कारण एकेकट्याला ट्रक परवडत नाही. आता त्या वीस जणांतल्या एकाचा कागद चुकला की सगळा ट्रक अडकायला लागला. १८ जानेवारी २०२१ ला हे लोक आपले ट्रक घेऊन थेट लंडनमध्ये, पंतप्रधानांच्या घराजवळच्या रस्त्यावर येऊन थांबले. जिवंत कालवं आणि शिंपले पकडणाऱ्यांची अवस्था तर याहून वाईट. ब्रिटनच्या पुष्कळ किनाऱ्यांचं पाणी 'ब' वर्गातलं, म्हणजे पुरेसं स्वच्छ नसलेलं आहे. तिथले शिंपले पूर्वी जसेच्या तसे युरोपात जात आणि तिथे शुद्ध करून विकले जात. बाहेरच्या देशाला ती सवलत नाही. शिंपले आधी शुद्ध करा, मगच पाठवा. त्यामुळे शुल्क शून्य असूनही तो धंदा एका रात्रीत बंद पडला. कोकणात मासळीच्या धंद्यात असलेल्या माझ्या मित्रांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

या सगळ्याचा भार सारखा वाटला गेला असता तरी एक वेळ चाललं असतं. पण कागद भरायचा खर्च माल किती आहे यावर ठरत नाही. पाच कंटेनरला जेवढे तास लागतात तेवढेच जवळपास पाच खोक्यांना लागतात. मोठ्या कंपनीने युरोपात गोदाम घेतलं, सीमाशुल्काची माणसं नेमली आणि पुढे गेली. घरगुती चीज बनवून फ्रान्समधल्या गिऱ्हाइकांना पाठवणारी बाई कुठून माणूस नेमणार? लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या संशोधकांनी कंपन्यांची आकडेवारी तपासून काढलेला अंदाज असा की सुमारे १६,४०० कंपन्यांनी युरोपीय संघाला निर्यात करणं थांबवलं. सरकारने छोट्यांसाठी २ कोटी पौंडांचा मदतनिधी काढला होता, त्यातून एका कंपनीला जास्तीत जास्त २,००० पौंड मिळणार होते. एवढ्यात या कामाचं प्रशिक्षणही धड होत नाही, हे मी या धंद्यात राहून खात्रीने सांगतो.

त्यातही अन्याय असा की युरोपने पहिल्या दिवसापासून ब्रिटिश माल तपासला, पण ब्रिटनने युरोपहून येणाऱ्या खाद्यमालाच्या तपासण्या पुन्हा पुन्हा पुढे ढकलल्या. प्रत्यक्ष तपासणी सुरू व्हायला एप्रिल २०२४ उजाडला. दुकानं रिकामी पडतील आणि महागाई वाढेल ही भीती होती, आणि ती खरीही होती. पण तोवर तीन वर्षं ब्रिटिश शेतकरी तपासणी सोसत होता आणि त्याचा युरोपातला स्पर्धक मोकळा आत येत होता.

उत्तर आयर्लंडबद्दल लिहिल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. उत्तर आयर्लंड हा ब्रिटनचा भाग, तर बेटाचा बाकीचा भाग म्हणजे युरोपीय संघात असलेला स्वतंत्र आयर्लंड देश. या दोघांमध्ये सुमारे ५०० किलोमीटरची सीमा आहे आणि ती ओलांडणारे दोनशेहून जास्त रस्ते आहेत. तीस वर्षांच्या हिंसाचारानंतर १९९८ च्या गुड फ्रायडे कराराने तिथे शांतता आली. पुढे लष्कराच्या चौक्या गेल्या, सीमा जवळपास दिसेनाशी झाली. तिथे पुन्हा सीमाशुल्काची चौकी उभारायचं कुणाच्याही मनात नव्हतं. पण दोन वेगळ्या बाजारपेठा म्हटल्या की तपासणी कुठेतरी व्हायलाच हवी. मग ती समुद्रावर ढकलली, म्हणजे ब्रिटनने आपल्याच देशाच्या दोन भागांमध्ये तपासणी मान्य केली. इंग्लंडमधून बेलफास्टला जाणाऱ्या सॉसेजवरून दोन्ही बाजूंचे मंत्री भांडले. फेब्रुवारी २०२३ च्या विंडसर आराखड्याने यातून मार्ग काढला: उत्तर आयर्लंडमध्येच विकला जाणारा माल हिरव्या मार्गाने, पुढे आयर्लंडला जाऊ शकेल असा माल लाल मार्गाने, आणि पाकिटांवर 'युरोपीय संघासाठी नाही' असा शिक्का. शांतता टिकली, आणि ती टिकवण्यासाठी घेतलेल्या कष्टांबद्दल मला आदर आहे. पण सार्वमताच्या प्रचारात या ५०० किलोमीटरची किती चर्चा झाली? नगण्य.

बाहेर पडा म्हणणाऱ्यांचं म्हणणं मी हलकं मानत नाही. आपले कायदे आपल्या संसदेने करावेत, देशात कोण येणार हे आपण ठरवावं, असं वाटण्यात गैर काय? फायदेही आहेत. युरोपीय संघाच्या आधी ब्रिटनला भारताशी करार करता आला तो बाहेर असल्यामुळेच. २०२५ मध्ये ट्रम्प यांनी आयातशुल्क लावलं तेव्हा ब्रिटनच्या वाट्याला १० टक्के आले, युरोपीय संघाच्या वाट्याला १५. हे खरं आहे आणि ते सांगितलं पाहिजे.

पण हिशेब मांडायचा तर पूर्ण मांडू. ब्रिटनचीच अधिकृत संस्था, ऑफिस फॉर बजेट रिस्पॉन्सिबिलिटी, हिचा अंदाज आहे की संघात राहिले असते त्या तुलनेत दीर्घ काळात देशाची उत्पादकता ४ टक्क्यांनी कमी राहील. आणि नव्या करारांचा फायदा? ब्रिटिश सरकारच्याच अंदाजानुसार भारताशी केलेल्या कराराने तिथल्या जीडीपीत दीर्घ काळात ०.१३ टक्के भर पडेल, ऑस्ट्रेलियाच्या कराराने ०.०८ टक्के. दोन्ही मिळून पाव टक्काही होत नाही. यात भारताचा कमीपणा नाही. ब्रिटन आणि फ्रान्स यांच्यामधला समुद्र सर्वांत अरुंद जागी सुमारे ३३ किलोमीटर रुंद आहे, मुंबई हजारो किलोमीटर दूर. बाहेर पडल्यावरही ब्रिटनची चाळीस टक्क्यांहून जास्त निर्यात युरोपीय संघातच जाते. शेजारी बदलता येत नाही.

मासेमारीची गोष्ट घ्या. ब्रिटनच्या अर्थव्यवस्थेत तिचा वाटा अर्ध्या टक्क्याहूनही कितीतरी कमी, पण वाटाघाटी सर्वांत शेवटपर्यंत अडल्या त्या तिच्यावरच. ग्रीनलंड १९८५ मध्ये युरोपीय समुदायातून बाहेर पडलं तेही मासळीवरूनच. त्यांनी तेव्हाच सरळ सौदा केला: तुम्ही आमच्या समुद्रात मासे पकडा, बदल्यात आमच्या मासळीला तुमच्या बाजारात शुल्क नको. ब्रिटन फिरून फिरून त्याच जागी आलं. १९ मे २०२५ ला लंडनमध्ये जी समजूत झाली तिच्यात युरोपीय नौकांना ब्रिटिश समुद्रात २०३८ पर्यंत प्रवेश मिळाला, आणि खाद्यमालाच्या तपासण्या कमी करण्यासाठी वेगळा करार करायचं ठरलं. त्यासाठी ब्रिटनला अन्नसुरक्षेचे युरोपीय नियम पाळावे लागतील, ते बदलतील तसे आपलेही बदलावे लागतील, आणि ते बनवताना मत देता येणार नाही. तरी मला हा निर्णय बरोबर वाटतो. निदान ट्रकमधला मासा वेळेवर पोचेल.

आता आपल्याकडे येतो. २०१० साली नाशिक-सांगलीच्या द्राक्षांचं युरोपात काय झालं ते बागाईतदार विसरलेले नाहीत. सीसीसी या वाढरोधकाचा अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडला आणि कंटेनर अडकले. त्यात शुल्काचा काडीचा संबंध नव्हता. २०२१ पासून ब्रिटन रसायनांच्या अंशाच्या मर्यादा स्वतः ठरवतं, त्यामुळे एकाच बागेच्या मालासाठी आता दोन तक्ते सांभाळावे लागतात. पूर्वी नेदरलँड्सच्या रॉटरडॅमला उतरलेली द्राक्षं तिथे भाव पडला तर सरळ इंग्लंडला वळवता यायची. आता ती वळवायची तर नवे कागद. शिवाय अशा करारांत साधारणपणे अट असते की वाटेत माल दुसऱ्या देशाच्या बाजारात उतरलेला नसावा, नाहीतर सवलत जाते. म्हणजे माल कुठे जाणार हे बोटीत चढवण्याआधीच ठरवावं लागेल.

सोलापूरचे टॉवेल, इचलकरंजी-भिवंडीचं कापड, तयार कपडे यांना मूळ देश सिद्ध करावा लागेल. सूत, रंग, झिप, बटणं कुठून आली त्याची बिलं जपून ठेवायची सवय आपल्या छोट्या कारखान्यांना नाही. मोठ्या निर्यातदारांकडे त्यासाठी माणसं आहेत. माझी सरकारकडे मागणी एवढीच आहे की प्रत्येक जिल्हा उद्योग केंद्रात हे नियम मराठीत समजावून देणारा आणि कागद तपासून देणारा एक जाणकार माणूस बसवा, आणि त्याची फी छोट्या कारखानदाराकडून घेऊ नका.