सग्वारो आणि आमचा सडा

अमेरिकेत ॲरिझोनातल्या टूसॉनला सांता कॅटालिना डोंगराच्या पायथ्याशी राहून गोल्फ खेळल्याचा एक लेख वाचला आणि तिथे मुलाकडे गेलो होतो ते दिवस आठवले. तिथे हिरवळ खेळण्यापुरतीच, बाकी वाळवंट जसंच्या तसं. माझा चेंडू एका सग्वारो निवडुंगाच्या बुंध्याशी गेला. काढायला निघाले तर मुलाने हात धरला, "आई, राहू दे, रॅटलस्नेक असतो." इथे रत्नागिरीच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, आजी आम्हाला दगड उलटू द्यायची नाही, खाली फुरसं असतं म्हणून! लेखकाने सग्वारोवर मात्र एकच ओळ लिहिली, ते खटकलं. 40 फूट उंच जाणारं ते निवडुंग, पहिली फांदी फुटायलाच त्याला 50 ते 75 वर्षं लागतात. सासऱ्यांनी लावलेला हापूस मला त्याच्यापुढे लेकरू वाटला.