काय-स्क्वेअरमध्ये टक्के भरणाऱ्यांसाठी

गटागटांतला फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो का, हे तपासणारी संख्याशास्त्रातली चाचणी म्हणजे काय-स्क्वेअर. ‘काय-स्क्वेअर चुटकीसरशी’ असा एक फॉरवर्ड सध्या मुंबईतल्या कॉलेजांच्या प्रोजेक्ट ग्रुपांवर फिरतोय. माझ्या भाचीने तो प्रमाण मानला आणि रात्री मेसेज टाकला, “मामा, सिग्निफिकंट आलं!” म्हणजे फरक योगायोगावर ढकलता येणार नाही इतका मोठा. तिचं टेबल उघडलं नि कपाळावर हात मारला.

फॉरवर्डमधला सगळ्यात अचाट सल्ला असा: ‘गट लहानमोठे असतील तर आधी टक्के काढा आणि टेबलात तेच भरा, म्हणजे तुलना न्याय्य होते.’ लिहिणाऱ्याने ही चाचणी हाताने कधी केलेलीच नसावी. भाचीचा प्रश्न साधा आहे: वेस्टर्न, सेंट्रल आणि हार्बरने येणाऱ्यांपैकी किती जण सकाळी उपाशी निघतात? समजा, प्रत्येक गटात 20 जण आणि उपाशी निघणारे अनुक्रमे 10, 8 आणि 6. गटांत फरकच नसता तर प्रत्येक गटात अपेक्षित उपाशी 8, खाऊन निघणारे 12. मिळालेले आकडे अपेक्षित आकड्यांपासून किती दूर, हे मोजणारा काय-स्क्वेअर येतो 1.67. दोन डिग्री ऑफ फ्रीडमला (बेरजा ठरल्यावर टेबलातले दोनच आकडे मोकळे उरतात) 5 टक्के पातळीवर, म्हणजे फरक नसताना फसण्याची शक्यता 5 टक्के ठेवून, निदान 5.99 लागतात. म्हणजे फरक सिद्ध होत नाही. आता त्याच जागी 50, 40, 30 भरा. उत्तर 8.33! माणसं तीच साठ, पण चाचणीला वाटतं तीनशे जणांना विचारलंय. खरोखर प्रत्येकी 200 जणांना विचारलं असतं तर उलटा घोटाळा: खरं उत्तर 16.67, टक्क्यांनी ते अर्ध्यावर आणलं असतं.

राहिला ‘न्याय्य तुलने’चा मुद्दा. अपेक्षित आकडा निघतो ओळीची बेरीज गुणिले स्तंभाची बेरीज भागिले एकूण असा. गट लहान की मोठा, याचा हिशेब तिथेच होऊन जातो. रिपोर्टात टक्के खुशाल लिहा, वाचणाऱ्याला तेच कळतात. चाचणीला मात्र डोकी मोजून द्या.

फॉरवर्डमधला पुढचा नियम: ‘एका जरी सेलमध्ये (टेबलाच्या चौकोनात) 5 पेक्षा कमी आकडा आला की चाचणी बाद.’ यात थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. पण बघायचा असतो अपेक्षित आकडा, मिळालेला नव्हे. शिवाय संख्याशास्त्रज्ञ कॉक्रनने 1954 मध्येच ‘बायोमेट्रिक्स’ या नियतकालिकात सवलत दिली आहे: पाचाखालचे अपेक्षित आकडे 20 टक्क्यांपर्यंत सेलमध्ये चालतील, एकाखालचा कुठेच नको. एसपीएसएस हे आकडेमोडीचं सॉफ्टवेअर तर टेबलाखाली किती सेल पाचाखाली आणि सगळ्यात लहान अपेक्षित आकडा किती, हे छापूनच देतं. ती बारीक ओळ वाचायचे कष्ट कोण घेणार!

मग चाचणी देते त्या ‘पी’ नावाच्या आकड्याबद्दल: ‘पी 0.03 म्हणजे फरक खरा असण्याची खात्री 97 टक्के.’ साफ चूक. फरक मुळात नसताना इतका किंवा याहून मोठा काय-स्क्वेअर येण्याची शक्यता 3 टक्के, एवढंच पी सांगतो.

शेवटचा दावा: ‘सिग्निफिकंट आलं म्हणजे सगळे गट एकमेकांपासून वेगळे.’ अहो, कुठेतरी फरक आहे इतकंच कळतं, कुठे ते नाही. मग मंडळी जोड्या लावत सुटतात. चार गटांच्या जोड्या होतात सहा. प्रत्येक जोडी 5 टक्के पातळीवर तपासली आणि त्या स्वतंत्र धरल्या, तर मुळात फरक नसतानाही निदान एक खोटा फरक हाती लागण्याची शक्यता 26 टक्क्यांच्या पुढे जाते. भाचीचे गट तीन, म्हणून जोड्याही तीनच. खऱ्या आकड्यांवर एकूण चाचणी सिग्निफिकंट आलीच, तर प्रत्येक जोडीला 0.05 ऐवजी, त्याला तीनने भागून येणाऱ्या 0.0167 ची कसोटी लाव, असं तिला कळवलंय. सध्या ती टक्के खोडून माणसं मोजतेय.