छतावरच्या पेट्या, धुऱ्यावरचे पळस

फ्रँकफर्टला आमच्या ऑफिसच्या छतावर मधमाश्यांच्या चार पेट्या आहेत. दुपारी डबा घेऊन वर गेलं की पायांना परागाचे पिवळे गोळे चिकटवून दारावर उतरणाऱ्या माश्या दिसतात. त्याचा व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकला, तर यवतमाळकडच्या आमच्या गावात वाद सुरू. तालुक्याच्या एका जिनिंगच्या इमारतीवर अशाच पेट्या ठेवायचं घाटतंय म्हणे. त्याच इमारतीच्या सज्जाखालचं आग्या मोहोळ गेल्या हिवाळ्यात टेंभे लावून जाळलं होतं. मोठे बाबा फोनवर म्हणाले, "काऊन रे, आलेल्या माशा जाळायच्या अन् दुसऱ्या इकत आणायच्या?"

मला त्यांचंच पटतं. पेटीतली युरोपीय मेलिफेरा ही एकच जात. जर्मनीत रानमाश्यांच्या साडेपाचशेहून जास्त जाती आहेत. बहुतेक जमिनीत किंवा पोकळ काड्यांत एकेकट्या राहतात. फुलं तेवढीच आणि पेट्या वाढल्या, तर या रानमाश्यांच्याच तोंडचा घास जातो. लंडनबद्दल तिथल्याच क्यू या वनस्पती उद्यानाने हा इशारा २०२० मध्येच दिला होता.

इकडून घ्यायचंच तर दुसरं घ्या. इमिडाक्लोप्रिडसह तीन कीटकनाशकं उघड्या शेतात वापरायला युरोपीय संघाने २०१८ मध्ये बंदी घातली, ती मधमाश्यांसाठी. आपल्याकडे २०१७ मध्ये एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसं गेली. मागे नोव्हेंबरात मी वावरात होतो. तूर फुलोऱ्यावर, सकाळचे नऊ, सगळीकडे गुणगुण. शेजारच्या वावरात पंप सुरू झाला. तासाभराने तुरीच्या बुडाशी माश्या पाठीवर पडून गरगर फिरत होत्या. हीच फवारणी माश्या परतल्यावर, दिवेलागणीला केली असती तर त्यातल्या कितीतरी वाचल्या असत्या.

आग्याची भीती खोटी नाही. शाळेवरचं मोहोळ हलवावंच लागेल. पण जाळायचं कशाला? वर्ध्याकडे पोळ्याचा फक्त मधाचा भाग कापून पिल्लांचा भाग तसाच ठेवणारे जाणकार आहेत, त्यांना बोलवा. आग्या पेटीत राहत नाही, फुलोरा पाहून येतो आणि जातो. त्याला सज्जा मोकळा ठेवला तरी पुरे.

आणि पेट्यांचा पैसा धुऱ्यांवर, म्हणजे वावरांच्या बांधांवर लावा. तणनाशकाने धुरे बोडके झालेत. वावरं रिकामी होतात तेव्हा माशीला आधी पळस, मग कडुनिंब आणि करंज, एवढंच उरतं. मोठ्या बाबांनी आमच्या धुऱ्यावरचे तीन पळस यंदाही तोडू दिले नाहीत.