आत्याचा स्क्रू

परवा व्हिडिओ कॉलवर कराडची आत्या मोठ्या झोकात दात दाखवत होती. वय ७४, खालच्या दाढांच्या जागी दोन इम्प्लांट (जबड्याच्या हाडात बसवलेला धातूचा स्क्रू, त्यावर दात), आता शेंगदाणे कडाकडा फुटतात. बोलता बोलता बोटानं हिरडीला काहीतरी चोळत होती. मशेरी! म्हणजे भाजलेली तंबाखूच.

"अगं आत्या, डॉक्टर नको म्हणाले होते ना?"

"त्यांनी तंबाखू बंद कर म्हटलं. ही दात घासायची मशेरी हाय. आन् लोखंडाला कसली कीड?"

आमच्या घरच्या ग्रुपवर वर्षभर वाद चालला तो खर्चाचा. कवळी बरी की इम्प्लांट, कराडात की पुण्यात. मीही श्टुटगार्टहून पैसे धाडून मोकळा झालो. आत्याला काय समजलंय, हे कुणीच विचारलं नाही.

कीड लागत नाही हे खरंच. ते लोखंड नसून टायटॅनियम असतं, एवढंच. पण आपला दात आणि हाड यांच्यामध्ये तंतूंची गादी असते, इम्प्लांट थेट हाडाला चिकटतं. भोवती मळ साचला की हिरडी सुजते, मग आतलं हाड झिजत जातं. तंबाखूनं तो धोका आणखी वाढतो. बऱ्याचदा दुखत नाही, ब्रश करताना रक्त तेवढं दिसतं. आणि आत्याच्या हिशेबात दुखत नाही म्हणजे झकास.

जर्मनीत हे सगळं बरं चालतं, असं सांगायला मी बसलेलो नाही. इथं बोनुसहेफ्ट नावाची वही असते. दरवर्षी दात तपासले की शिक्का. पाच वर्षं सलग शिक्के असतील तर कृत्रिम दातांसाठीचं विम्याचं अनुदान ६० टक्क्यांवरून ७० वर जातं, दहा वर्षांनी ७५ वर. (तेही साध्या उपचाराच्या हिशेबानं, इम्प्लांटचा वरचा खर्च आपला.) पण शिक्का हजेरीचा मिळतो. शेजारच्या आजीबाईंची वही भरलेली आहे, दातांच्या फटी साफ करायचे बारीक ब्रश मात्र पाकिटातच. संधिवातामुळं ती दांडी बोटांत धरवत नाही. दवाखान्यात सांगितलंत का, म्हटलं, तर म्हणाल्या, कुणी विचारलं नाही.

"कळलं ना?" असं विचारलं की म्हातारी माणसं मान हलवतात, इथंही आणि तिथंही. त्यापेक्षा हातात आरसा द्यावा, "आता तुम्ही करून दाखवा" म्हणावं आणि दर सहा महिन्यांनी तेच पुन्हा करावं, कारण नजर आणि बोटं तशीच राहत नाहीत. आणि मशेरीला मशेरीच म्हणून विचारावं. याला मशीन लागत नाही, पाच मिनिटं लागतात.

रविवारी आत्याला कॅमेऱ्यासमोर ब्रश करायला लावलं. पुढचे दात चकाचक. इम्प्लांटपाशी ब्रश गेलाच नाही.

"तिथं का नाही?"

"एवढ्या महागाचं हाय, झिजंल की रं."