तीनच मिनिटं राहिली होती

मागच्या मे महिन्यात आईने नागपुरात महाल भागातल्या घरी बसल्या बसल्या मोबाइलवरून मिक्सर मागवला. जुना धडधाकट आहे. "मग काहून घेतला?" मी इंग्लंडमधल्या लेस्टरहून विचारलं. "अगं, तीनच मिनिटं राहिली होती ना!" पडद्यावर सवलत संपायचं घड्याळ उलटं धावत होतं म्हणे. दुसऱ्या दिवशी भाच्याने ते पान उघडलं, तर भाव तोच आणि घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू.

घरच्या ग्रुपवर वाद पेटला. दादा म्हणाला, हल्ली कोणाला आवरच राहिला नाही. काकांचं म्हणणं, इतवारीच्या बाजारात जाऊन घेतलं असतं तर फसगत झाली नसती. मला दोन्ही पटलं नाही.

रसेल बेल्क या अभ्यासकाने १९७५ मध्येच मांडलं होतं की खरेदी नुसत्या स्वभावावर ठरत नाही. जागा कशी, सोबत कोण, वेळ किती, घ्यायचं कशासाठी आणि त्या घडीला जिवाची अवस्था काय, हेही ठरवतं. नागपूरची मे महिन्यातली दुपार, कूलरसमोर एकटी बसलेली सत्तरीची बाई आणि समोर पळतं घड्याळ. यात आवर कुठून आणायचा?

इतवारीचंही तेच. आत्याच्या मुलीच्या लग्नाची खरेदी मला आठवते. पांढऱ्या गादीवर दुकानदाराने साड्यांचा ढीग उलगडला, चहा मागवला. एवढं सगळं काढायला लावून रिकाम्या हाताने उठायचं कसं, या संकोचाने आत्याने दोन साड्या जास्तीच्या बाजूला काढल्या. तेवढ्यात आईने तिला कोपराने ढोसलं, "ताई, चला, उद्या येऊ." त्या दोन साड्या गादीवरच राहिल्या. त्या दिवशी आत्याला आईची सोबत होती, मिक्सर घेताना आईजवळ कोणी नव्हतं.

इथल्या लेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांचा एक प्रयोग १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. सुपरमार्केटमध्ये फ्रेंच संगीत लावलं की फ्रेंच वाइन जास्त खपायची, जर्मन लावलं की जर्मन. संगीतामुळे आपण ती बाटली उचलली, हे फार थोड्या गिऱ्हाइकांनी मान्य केलं. इंग्लंडने ऑक्टोबर २०२२ पासून मोठ्या दुकानांत पैसे द्यायच्या काउंटरजवळ चॉकलेटं मांडायला बंदी घातली. माझा धाकटा पूर्वी तिथेच हटून बसायचा. आता तिथे बॅटऱ्या नि मासिकं असतात, आम्ही निमूट बाहेर पडतो. आयांना पोरं आवरत नाहीत, असं म्हणून सरकार थांबलं नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. "उद्या येऊ" म्हणणारं माणूस मात्र इथे शेजारी नसतं. मशीनसमोर आपलं आपण बिल करायचं नि निघायचं.

आणि आपल्याकडे नियम नाही असंही नाही. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये ऑनलाइन दुकानांचे असे तेरा फसवे प्रकार ठरवून त्यांना मनाई केली. खोटी घाई दाखवणं हा त्यातलाच एक. तरी आपल्या घराघरांत बोलणी बसतात ती आईलाच, घड्याळ लावणाऱ्याला कोणी जाब विचारत नाही. याचा मला मनापासून राग येतो.

दादाला मी सांगितलं, आईला शिकवण्याआधी ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन लाव. भाच्याने त्या घड्याळाचे फोटो काढून ठेवलेत. मिक्सर अजून खोक्यातच आहे.